हात न पोळणारे बाबा

"मग मला कधी देणार, बाबा? मी म्हातारा झाल्यावर?"

वाघनाथबाबांनी भट्टीतलं लाकूड तेवढं पुढे सारलं.

विचारणारा दिवाकर, पैठणचा. रसविद्येचे ग्रंथ तोंडपाठ आणि नाक जरा वर. डोंगरातल्या या मठीत शिकायला येऊन त्याला बरेच पावसाळे झाले होते. बाबांनी त्याच्याकडून मुळ्या कुटून घेतल्या, काढे उकळून घेतले. सोमलाला मात्र हात लावू दिला नाही.

सोमल म्हणजे विषच. हरताळ नावाचं पिवळं खनिज मडक्यात घालायचं, वर दुसरं मडकं उपडं ठेवून सांधा मातीनं लिंपायचा आणि खाली जाळ करायचा. धूर वर चढतो आणि वरच्या मडक्याला आतून पांढरा होऊन बसतो, तोच सोमल. त्याला ना वास, ना चव. कणभर दिला तर हटवादी हिवताप पळतो, असं त्या काळचे वैद्य मानत. अंदाज चुकला तर माणूसच जाई.

पण दिवाकराचा जीव अडकला होता तो भलत्याच गोष्टीत. भट्टीवरचं तापलेलं मडकं बाबा उघड्या हातांनी उचलत. चिमटा नाही, फडकं नाही, तोंडावरची रेघ हलत नसे. बाबांनी अग्नी वश केलाय, असं हा पठ्ठ्या पंचक्रोशीत सांगत फिरे.

"हातचं राखून शिकवताय तुम्ही," दिवाकर म्हणाला. "ती सिद्धी मला द्या. नाहीतर उद्या मी पैठणची वाट धरतो."

"जाशील?"

"जाईन."

बाबांनी भट्टीचा जाळ जरा कमी केला.

"काहीतरी बोला ना, बाबा."

"जेवून जा," बाबा म्हणाले.

झालं. दिवाकराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो तरातरा भट्टीपाशी गेला. बाबा "अरे, अरे" म्हणत उठेपर्यंत त्यानं वरचं मडकं दोन्ही हातांनी धरलंसुद्धा.

मडकं खाली पडून फुटलं. पांढरा सोमल राखेत मिसळला.

"श्वास रोख," बाबा म्हणाले, आणि बखोट धरून त्याला बाहेर ओढत नेलं.

विहिरीपाशी त्यांनी त्याचे हात पाण्यात बुडवले. मग कोरफड चिरून गर लावायला बसले. दिवाकर मान खाली घालून बसला होता. इतक्या दिवसांची मेहनत मातीत गेली होती. आता शिव्या पडणार, हे त्यानं धरलंच होतं.

"पोळलास?"

"हो."

"फार?"

"फार, बाबा."

"शाबास."

दिवाकराच्या डोळ्यांत पाणी आलं. "थट्टा करू नका. मी नालायक आहे, कळलं मला."

बाबा गर लावत राहिले. त्यांच्या हाताकडे बघता बघता दिवाकर थबकला. बाबांच्या अंगठ्यात बाभळीचा काटा रुतला होता. चांगला खोल. भोवती रक्त वाळलं होतं.

"बाबा, काटा."

"कुठं?"

"अंगठ्यात. कधी रुतला?"

"मला काय ठाऊक?"

दिवाकर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. बाबांनी तोच अंगठा त्याच्यापुढे धरला. दिवाकरानं भाजल्या बोटांनी कसाबसा काटा ओढून काढला. बाबांची पापणीही लवली नाही.

"अग्नी वश झाला नाही रे," ते म्हणाले. "जन्मभर सोमल खलला. बोटं मेली."

"…मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू इतक्या हौसेनं सांगत फिरायचास. तुझा आनंद मोडवेना."

दिवाकराला भडभडून आलं. ज्या हातांचा त्यानं गावोगाव डंका पिटला, ते हात त्यानं मांडीवर घेतले. तळव्यांवर काळे डाग होते, घट्टे होते. इतकी वर्षं जवळ राहून त्यानं ते कधी नीट बघितलेच नव्हते.

"उद्यापासून सोमल मी खलणार," तो म्हणाला. "तुम्ही हात लावायचा नाही."

"खुळा आहेस. मेलेली बोटं आणखी काय मरणार? ते मीच करीन."

"आणि रोग्यांची नाडी? तीही लागत नसेल तुम्हाला."

"नाही लागत." बाबांनी पहिल्यांदाच नजर चुकवली. "मनगटावर बोटं ठेवतो, आणि जीभ बघतो, डोळे बघतो. आजवर निभावलं. पण सोमल द्यायचा की नाही, ते नाडीवर ठरतं, दिवाकरा. गेल्या खेपेला एक बाई वाचली, ती देवाच्या कृपेनं. त्या दिवसापासून मला झोप नाही."



एवढ्यात वाटेवर कुणीतरी खोकलं. खालच्या वस्तीवरची कोंडाई, सुनेचा आधार घेत, घोंगडीत कुडकुडत मठीकडे येत होती. सून लांबूनच म्हणाली, "बाबा, ताप काही सोडंना बघा."

बाबा उठले नाहीत.

"जा," ते दिवाकराला म्हणाले.

"मी? बाबा, माझा हात बघा तरी. बोटं नुसती ठणकताहेत."

"ठणकताहेत ना…" बाबा म्हणाले. "मग जा, तिची नाडी बघ."