चार हजार थापा

"एका दिवसात चार हजार चोर दारावर थापा मारून गेले, आणि तुला एकही दिसला नाही?" असं म्हणून सरकारांनी बाबू गुरवाला फाटकावरच्या नोकरीवरून काढून टाकलं.

त्या दिवशी फाटकाशी दूधवाल्याखेरीज कुणी फिरकलं नव्हतं.

थापा पडल्या होत्या त्या बंगल्यातलं इंटरनेट जोडणाऱ्या राउटरवर. निंबाळ्याच्या माधोजीरावांची जहागीर केव्हाच गेली होती, पण गाव त्यांना अजून सरकार म्हणे आणि तेही हरकत घेत नसत. आईसाहेबांच्या ओव्या, गोष्टी आणि आचाऱ्याला दिलेल्या शिव्या जुन्या टेपांवरून उतरवून त्यांनी घरातल्या लिनक्स सर्व्हरवर, म्हणजे कायम चालणाऱ्या संगणकावर, ठेवल्या होत्या. नैरोबीला राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, अक्कासाहेबांना, त्या ऐकायच्या होत्या. वय ब्याऐंशी, कान महिन्यागणिक मंद होत चाललेले. पण प्रत पाठवायला सरकार तयार नव्हते. आईसाहेबांचा आवाज दुसऱ्याच्या घरी राहायचा नाही, म्हणजे नाही.

म्हणून शहरातून खांबेटे नावाचे तज्ज्ञ आले आणि राउटरमधून सर्व्हरपर्यंत एक वाट उघडून गेले. दुसऱ्याच दिवशी सर्व्हरच्या नोंदीत चार हजार अनोळखी प्रयत्न निघाले. जगभरातले लोक पासवर्ड चाचपून गेले होते. आत कुणीच शिरलं नव्हतं. तरी सरकारांनी वाट बुजवली आणि बाबूलाही घरी पाठवलं.

"वाट उघडली नाही, तर अक्कासाहेब आत येणार कशा?" खांबेट्यांनी विचारलं.

"ते तुम्ही बघा. वाट उघडायची नाही आणि अक्कानं ऐकायचं."

खांबेटे बघायला गेले ते परत आलेच नाहीत.

बाबूची मुलगी कमळजा तालुक्याला इंटरनेट जोडणाऱ्या दुकानात कामाला होती. ती बंगल्यावर आली. बापाबद्दल एक शब्दही न काढता म्हणाली, "सरकार, हुकूम नीट समजून घ्यायला आलेय. बाहेरच्यानं आत यायचं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आणि आतल्यानं बाहेर जायचं?"

"त्याला कोण अडवतंय? मी रोज सकाळी फिरायला जातो."

"मग परत येताना फाटकावर अडवतात का तुम्हाला?"

सरकारांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मला? माझ्याच घरी?"

"राउटरचंही तसंच असतं. आतून जो बोलायला निघाला, त्याला मिळालेलं उत्तर तो आत येऊ देतो. अक्कासाहेबांनी आपल्याकडे यायचंच नाही. आपला सर्व्हर त्यांच्या घरी फोन लावेल आणि तो चालू ठेवेल. त्याच फोनवरून त्या हवं ते मागतील, ऐकतील. प्रत तिथे राहणार नाही."

"जमलं नाही तर?"

"तर बाबांच्या जागी दुसरा माणूस ठेवा. जमलं, तर त्यांना उद्यापासून कामावर घ्या."

सरकारांनी मान डोलावली. अक्कासाहेबांची नात रेवती तिकडून फोनवर होती. कमळजा सांगत गेली, रेवती करत गेली. दुपारचा चहा येईपर्यंत जोडणी झाली. मग फोनमधून अक्कासाहेबांचा आवाज आला, "माधू, आई आमटीतल्या मिठावरून गणपा आचाऱ्याला झापतेय रे." सरकारांनी चष्मा काढून पुसला, आणि मग बराच वेळ पुसतच राहिले.

जरा सावरल्यावर त्यांचा संशय जागा झाला. "पण पोरी, फोन लावायचा म्हणजे कुणीतरी तो घ्यायला हवा. वाट कुठे तरी उघडली असणारच."

"उघडलीय की. अक्कासाहेबांच्या राउटरमध्ये. तिथे पासवर्ड चालत नाही, संगणकात ठेवलेली गुप्त किल्ली लागते, आणि किल्ली फक्त आपल्या सर्व्हरकडे आहे."

"म्हणजे ते थापा मारणारे चार हजार…"

"आता तुमच्या भावोजींच्या दारावर मारत बसतील."

भावोजींशी, म्हणजे अक्कासाहेबांच्या यजमानांशी, सरकारांचं चाळीस वर्षं बुद्धिबळातल्या एका चालीवरून वाकडं होतं. ते आधी गालात हसले, मग खुर्चीचे हात धरून इतके हसले, की आचारी पाणी घेऊन धावत आला.

"बाबू उद्यापासून फाटकावर," श्वास जागेवर आल्यावर ते म्हणाले. "ते ठरलंच होतं. आता बक्षीस माग."

"सर्व्हरची देखभाल माझ्याकडे द्या, सरकार. खांबेट्यांच्या दरानं."

सरकार पुन्हा हसले, पण या वेळी जरा बेतानं, आणि हो म्हणाले.