शालींच्या ढिगाबाहेरचा हात

फार फार वर्षांमागची गोष्ट, बाळांनो. डोंगराच्या कुशीत एक नगर होतं. तिथं शिदोबा वैद्य राहायचे, त्यांची बायको चंद्राई राहायची आणि आईबापांविना वाढलेली त्यांची नात मैना राहायची. घर लहानसं, पण चुलीवरून काढ्याचं भांडं कधी उतरलं नाही.

शिदोबांनी पुष्कळ शिष्य घडवले, ते अंगणात बसवून. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकच सांगायचे, "दारात कुणी आलं, की नावगाव मागाहून विचारा. आधी हात धरा. माणूस तोंडानं खोटं बोलेल, नाडीला खोटं येत नाही."

एक दिवस भिवरा नावाची त्यांची शिष्या सगळ्यांदेखत म्हणाली, "गुरुजी, तुमचा हात कापतोय. औषधाचं माप चुकेल. आता राहू द्या."

बाकीचे तिच्यावर धावून गेले. "गुरूला शिकवतेस होय गं? जीभ आहे की कातर?"

शिदोबा मात्र आपल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी औषधांचा बटवा खुंटीला अडकवला, तो कायमचाच. भिवरा पाया पडून नदीपलीकडे गेली. तिकडे तापाची साथ होती आणि वैद्य कुणी नव्हता.

वैद्यबाबा थांबले, ही बातमी चहूकडे गेली. शिष्य येऊ लागले. कुणी बैलगाडीतून, कुणी घोड्यावरून. थोरला शिष्य राजवैद्य झालेला, तो तर पालखीतून आला. जो तो शाल पांघरायचा, नारळ द्यायचा, पायांवर डोकं ठेवायचा. चंद्राईचा ऊर भरून यायचा.

पण त्याच दिवसांत शिदोबांच्या अंगात बारीक ताप मुरत होता. वैद्याला स्वतःची नाडी धड कळत नाही, त्यात यांची बोटं कापणारी. म्हणून येईल त्याच्यापुढे ते हात करायचे, तळवा वर करून. म्हणायचे, "बाबा रे, मला बरं वाटत नाही."

राजवैद्य हसला. "गुरुजी, तुम्हाला काय होणार! यमसुद्धा तुमचं दार चुकवून जातो." आणि पुढे आलेल्या हातावर त्यानं नारळ ठेवला.

दुसऱ्यानं डाळिंब ठेवलं. तिसऱ्यानं तो हात कपाळाला लावला आणि सोडून दिला.

चंद्राईनं एकाला विनवलं, "अरे, जरा नाडी बघ ना त्यांची."

त्यानं कानांना हात लावले. "काकू, भलतंच काय! गुरूची नाडी बघायची? आमची पायरी नाही ती."

महिना सरला. घरात शालींचा ढीग झाला. चंद्राई एकीवर एक शाल घालायची, तरी म्हाताऱ्याची हुडहुडी जाईना. पुढे शिदोबांनी सांगणंच सोडलं. हात तेवढा शालींबाहेर ठेवून पडून राहायचे.

नदीपलीकडची साथ ओसरली, तशी भिवरा आली. रिकाम्या हातांनी आली.

"आली बघा शहाणी," दारातले शिष्य म्हणाले. "शाल नाही, नारळ नाही!"

भिवरा वाकलीसुद्धा नाही. सरळ खाटेशी बसली आणि तिनं तो हात धरला. मनगटावर बोटं टेकली. तिचे डोळे भरून आले.

शिदोबांनी विचारलं, "काय म्हणते गं नाडी?"

भिवरेला खोटं बोलवेना. "उशीर झाला, गुरुजी. महिन्यामागं कुणी बघितली असती, तर ताप उतरला असता."

"बरोबर वाचलीस," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले. "पाया पडायला सगळे आले, पोरी. मी वाट बघत होतो ती हात धरणाऱ्याची. आता सोडू नकोस."

तिनं सोडला नाही. काढा पाजला, अंग पुसलं, कूस बदलली. दुखणं सोसण्याजोगं झालं, पण जीव काही राहिला नाही. शिदोबा गेले, तेव्हा त्यांचा हात भिवरेच्या हातात होता.

राजवैद्य पालखी सोडून अनवाणी धावत आला. उंबऱ्यातच बसला. "काकू, त्यांनी हात पुढे केला आणि मी त्याच्यावर नारळ ठेवला हो!"

चंद्राईनं त्याला बोल लावला नाही. तिनं शालींचा ढीग उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला. "घेऊन जा, बाबा. तुमच्या रोग्यांना पांघरा. त्यांना तरी ऊब येऊ दे."

भिवरा मग त्या घरचीच झाली. विझलेली चूल तिनं पेटवली, काढ्याचं भांडं चढवलं आणि मैनेला अंगणात समोर बसवलं. मैना मोठी झाली, आजोबांसारखी नावाजलेली वैद्य झाली. लांबलांबून माणसं पुन्हा त्या दारी येऊ लागली. चंद्राईला म्हातारपणी कशाची ददात पडली नाही. रोज सकाळी मैना आधी आजीचा हात धरायची, मनगटावर बोटं टेकायची, आणि मग पाया पडायची.

म्हणून सांगते, बाळांनो, ज्यानं आपल्याला जपलं त्याच्या पाया जरूर पडा, पण आधी त्याचा हात धरा.