आठ दारांचे अंजीर

शके सतराशे पंचवीस, वैशाख वद्य पंचमी. दोन पावसाळे कोरडे गेले होते. त्या दिवशी खडकमाळच्या एकुलत्या विहिरीवर पाटलाने पहारा बसवला, असे सांगतात.

तुम्ही आत्ता अंजिराच्या बुंध्याशी पाय धुतलेत. आजही इथे प्रत्येक परसात न्हाणीचा दगड फळझाडाखालीच असतो. हे आवडा माळणीमुळे.

पाटलाचा हुकूम होता, पाणी माणसाला आणि गुराला. झाडाला घालाल तर घराच्या वाट्याची रोजची घागर बंद. आवडाने माहेरहून आणलेले अंजीर तेव्हा गुडघ्याएवढे होते. माहेरची बाग त्याच उन्हाळ्यात जळाली. त्या जातीचे एवढे एकच रोप उरले.

ती चावडीवर गेली. "पाटील, अंगावरून गेलेलं पाणी कुणाचं?"

"ज्याच्या अंगावरून गेलं त्याचं. पी हवं तर!" पाटील हसला. चावडीही हसली.

आवडाने न्हाणीचा दगड उचलून अंजिराशी टाकला. भोवती आडोशाला तुराट्यांचा कूड घातला आणि तिथेच आंघोळ करू लागली. पण एका घागरीने भागेना. पाने गळू लागली. मग ती आळीत फिरली आणि बायकांना म्हणाली, "आपली घागर घेऊन माझ्याकडे आंघोळीला या."

"झाडाला न्हाऊ घालतेस? बारसं कधी गं?" ठकू कुंभारीण म्हणाली. पण पहिली आली तीच. मागून सहा जणी आल्या.

आवडाने त्यांना शब्द दिला. "झाड जगलं तर तुमच्या प्रत्येकीच्या दारी त्याचं झाड लावीन. शेवटचं फळेपर्यंत अंजीर तोंडात घालणार नाही."

आठव्या दिवशी पाटील काठी घेऊन आला. आळे पाण्याने भरलेले.

"आवडे, कुणाचं पाणी हे?"

"माझं," कुडाआडून आवाज आला. पाटलीणबाईंचा. "अंगावरून गेलंय. पुसून झालं की येते, तोवर ओरडू नका."

पाटलाने काठी खाली ठेवली. घरून तांब्या मागवला आणि त्याच आळ्यात पाय धुतले म्हणे.

अंजीर जगले. पुढे पाऊस आला, फळ आले. आवडाने फांद्या छाटून त्या सात जणींच्या आणि आठव्या पाटलीणबाईंच्या, अशा आठ दारी रोवल्या. सात लागल्या. ठकूच्या परसात नुसता मुरूम. तिथली फांदी दोनदा वाळली. आवडा पाट्या भरभरून अंजीर वाटायची, स्वतः एक चाखत नसे. अशी अकरा वर्षे गेली.

तिसऱ्यांदा तिने स्वतः पहार घेतली, कमरेइतका मुरूम फोडला, नदीची माती भरली आणि फांदी रोवली.

दोन वर्षांनी ठकू पदरात काहीतरी घेऊन आली. आवडा दारातच उभी होती.

"खा गं. माझ्या दारचं आहे."

आवडाने उभ्या उभ्या खाल्ले. देणे फिटले.