मोराच्या पसंतीचा फोन

नदीकाठच्या एका जंगलात, जांभळाच्या ढोलीत, एक खार आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. मुलांनो, त्या पिल्लांचे डोळेसुद्धा अजून उघडले नव्हते. पोटासाठी खारीला रोज टेकडीपलीकडे जावे लागे आणि तेवढा वेळ शेजारच्या फांदीवरची साळुंकी पिल्लांकडे लक्ष ठेवी. "माझ्याकडे फोन आहे, तूही एक घे बाई," साळुंकी एकदा म्हणाली. "काही झालं तर तुला कळवायचं कसं?"

खार माकडाच्या दुकानात गेली. "मला दोनच गोष्टी हव्यात," ती म्हणाली. "वाजला की लांबून ऐकू आला पाहिजे, आणि सकाळी चार्ज केलेला संध्याकाळपर्यंत टिकला पाहिजे."

"कॅमेरा कसा हवा?" माकडाने विचारले.

"कॅमेरा नको."

"मग गेम खेळता का तुम्ही?"

खारीने कपाळावर हात मारला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितले. तेवढ्यात मोर आत आला. "ताई, हा घ्या. मी हाच वापरतो. पिसाऱ्याचे फोटो काय सुंदर येतात."

"मला पिसारा नाही हो."

"नसू दे. शेपटीचे येतील."

खारीने खालच्या फळीवरच्या जाड फोनकडे बोट दाखवले. तेव्हा मागे उभे असलेले गिऱ्हाईक कोल्हा म्हणाला, "जाड फोन हल्ली कोणी वापरत नाही. चारचौघांत हसतील तुम्हाला."

तेच तेच सांगून खार अगदी मेटाकुटीला आली. पिल्लांच्या दुधाची वेळही टळत चालली होती. "द्या तोच, आणि मला जाऊ द्या," असे म्हणून तिने मोराच्या पसंतीचा चकचकीत फोन उचलला.

तिसऱ्याच दिवशी दुपारी एक धामण जांभळावर चढू लागली. साळुंकीने घाईघाईने खारीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, तरी बंदच. सकाळी पूर्ण चार्ज केलेल्या त्या फोनने दुपारीच मान टाकली होती. शेवटी साळुंकी एकटीच धामणीवर तुटून पडली आणि धामण माघारी वळेपर्यंत चोची मारत राहिली. खार परतली तेव्हा पिल्ले सुखरूप होती, पण साळुंकीचा एक पंख लोंबत होता. "सात वेळा लावला गं," ती एवढेच म्हणाली. खारीला मान वर करवेना. तिला मोराचा राग आला, माकडाचा आला, कोल्ह्याचा आला. पण सर्वांत जास्त स्वतःचाच आला.

दुसऱ्या दिवशी तिने तो फोन माकडापुढे ठेवला. "हा बदलून द्या."

"याहून नवा आलाय. त्याचा कॅमेरा..."

"आता तुम्ही बोलू नका. खालच्या फळीवरचा तो जाड फोन काढा आणि वाजवा. मी ओढ्यापलीकडे उभी राहते. तिथे ऐकू आला तरच घेईन, आणि चार्ज संध्याकाळपर्यंत टिकला नाही तर परत आणीन."

माकडाने निमूटपणे फोन वाजवला. ओढ्यापलीकडे तो खणखणीत ऐकू आला, तशी खार दुकानात परतली.

"फारच ओबडधोबड आहे," आजही दुकानात आलेला मोर म्हणाला.

"आहे," खार म्हणाली आणि फोन घेऊन निघाली.

ढोलीत पोहोचताच तिने पहिला फोन साळुंकीला लावला.

"अगं, मी समोरच बसलेय की," साळुंकी म्हणाली.

"माहीत आहे. यापुढे तुला एकटीला झुंजावं लागणार नाही, एवढंच सांगायचं होतं."

तात्पर्य : वस्तू निवडताना दुसऱ्याची हौस नव्हे, आपली गरज पाहावी, आणि कोणी कितीही कंटाळा आणला तरी ती गरज सोडून देऊ नये.