महाराजांच्या हातातला लेकावळा

भक्तजनहो, सीना नदीच्या काठी बाभूळवेढे नावाचे गाव. महाराज तिथे आले आणि महादेवाच्या देवळाच्या ओसरीवर राहिले. कुणी घरी बोलावले तर तिथेही ओसरीवरच बसत, उंबरठा कधी ओलांडत नसत. कारण विचारले तर म्हणत, "आत जाऊन बसलो आणि बाहेरून कुणी हाक मारली, तर मला ऐकू कशी यायची?" म्हणून लोक त्यांना ओसरीवाले महाराज म्हणू लागले.

त्या गावात यमाजी नावाचा कासार होता. खांद्यावर बांगड्यांची लाकडी पेटी आणि हातात टोकाला पितळी शेंबी बसवलेली काठी घेऊन तो वाड्यावस्त्यांवर फिरे. दारोदार फिरणाऱ्या माणसावर कुत्री भुंकणारच, तेव्हा कासाराला काठी ही पेटीइतकीच लागते. बाईला बांगड्या भरून झाल्या की तो एक बांगडी वरची देई, तिच्या लेकराच्या नावाने. तिला लेकावळा म्हणतात. जिला लेकरू नाही तिलाही देई, पुढे होईल म्हणून. यमाजी लेकावळा देताना डोळे मिटून महाराजांचे नाव घेई. असा भोळा माणूस!

यमाजीने महाराजांच्या हातून तुळशीची माळ घातली, त्या दिवशी ओसरी माणसांनी भरली होती. माळ गळ्यात पडली आणि त्याला भरून आले. काहीतरी मोठे देवाला द्यावे, पण द्यायला जवळ काय होते? त्याने हातातली काठी महाराजांच्या पायाशी ठेवली.

"म्हाराज, आजपासनं मुक्या जिवावर हात उगारणार न्हाई."

महाराजांनी काठी उचलली, शेंबीवरून अंगठा फिरवला आणि ती कोपऱ्यात उभी केली. "ठेवून घेतो," ते म्हणाले. "लागेल तेव्हा माग. लाजू नकोस."

पहिले वाक्य यमाजीच्या कानात शिरले, दुसरे बाहेरच राहिले. भोवतालचे लोक वाहवा करत होते ना!

त्याची बायको सगुणा खांबाशी उभी होती. त्यांची लहानगी दुर्गी पेटीशी खेळत होती. ती एकदम म्हणाली, "आबा, म्हाराजास्नी लेकावळा?"

"म्हाराजांना लेकरं न्हाईत, बाळ."

"कोण म्हणतं नाहीत?" महाराज म्हणाले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. दुर्गीने पेटीतली हिरवी बांगडी काढून त्यांच्या हातात चढवली. तो हात इतका वाळलेला होता की बायकी मापाची बांगडी सहज गेली. लोक हसले, महाराजही हसले, पण बांगडी त्यांनी काढली नाही.

आता गावाच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट ऐका. नदीच्या वाटेवर दौलतराव जगदाळ्यांचा मळा, गुऱ्हाळ आणि नवे दगडी घर होते. माणूस कर्तबगार, पण ताठा मोठा. उसाच्या राखणीला त्यांनी कुत्री पाळली आणि ती मोकळीच सोडली. त्यांतला भुऱ्या नावाचा कुत्रा वासराएवढा होता. त्या वाटेने जाणाऱ्या बायका लेकरू कडेवर घेऊन, श्वास धरून जात. कुणी तक्रार नेली तर दौलतराव म्हणत, "कुत्री हायत, भुंकणारच. तुम्ही कशाला पळता?"

यमाजीने काठी टाकल्याचे कळल्यावर दौलतरावांना आयती करमणूक मिळाली.

"काय कासार, सोटा कुठाय? देवापाशी ठिवला? मग आता देवालाच बोलाव की," असे म्हणून ते कुत्र्यांना चुचकारत. यमाजी हात जोडून, डोळे मिटून उभा राही आणि नाम घेई. कुत्री धोतर फाडत. एकदा पोटरीचा लचका निघाला, तरी त्याने हात उचलला नाही. आपण फार मोठी भक्ती करतो आहोत असे त्याला वाटे. माणसाला असे वाटू लागले म्हणजे समजावे की पाय घसरतो आहे.

सगुणा जखमेवर हळद दाबताना म्हणाली, "तुमचा नेम तुमच्या पोटरीवर काढा. माझ्या पोरीवर नगा काढू."

ते यमाजीला लागले. आदल्या उन्हाळ्यात तेल्याच्या गोदाला कुत्रे चावले होते. पुढे ती पाण्याला भिऊ लागली आणि तहानेने तडफडत गेली. सगळ्या गावाने ते पाहिले होते. तेव्हापासून दुर्गी अंगणात खेळत असली तरी यमाजीचा जीव टांगलेला असे. रात्री झोप लागेना. आपण नेम केला तो देवासाठी की लोकांच्या वाहवेसाठी, हेच त्याला कळेनासे झाले.

एवढ्यात दौलतरावांच्या घरून बोलावणे आले. सुनेला सातवा महिना लागला होता, हिरवा चुडा भरायचा होता. अशा बोलावण्याला कासाराने नाही म्हणायचे नसते. पोटातल्या जिवाचा तो अपमान होतो असे मानतात. मांडी घालून बसलेल्या जडावलेल्या बाईचा हात हलक्या हाताने चोळून द्यायला सगुणा लागे, आणि दुर्गीला ठेवायला घरी कुणी नव्हते. तिघांनाही जाणे भाग होते.

सकाळी यमाजी ओसरीवर गेला. काठी कोपऱ्यात होती. आज मागावीच असे ठरवून तो आला होता. पण चार माणसे बसली होती, त्या दिवशी वाहवा करणारीच. दिलेली काठी परत मागितली तर ती काय म्हणतील?

"यमाजी, काही मागायचं होतं का?" महाराजांनी विचारले.

"न्हाई, म्हाराज."

महाराजांनी कोपऱ्यातल्या काठीकडे पाहिले. मग म्हणाले, "बरं."

दुपारी चुडा भरून झाला. सून गोड होती, तिने दुर्गीच्या हातावर लाडू ठेवला. यमाजीने नेहमीप्रमाणे डोळे मिटून पोटातल्या बाळाच्या नावाने लेकावळा दिला. कुत्री तोवर गुऱ्हाळाच्या मागे होती. उन्हे कलताना तिघे उसाच्या कडेच्या वाटेला लागले.

दौलतराव ओट्यावर बसले होते. त्यांना लहर आली. "बघू तरी आज कोण धावतंय," असे म्हणत त्यांनी शीळ घातली. नुसते भिववावे एवढेच त्यांच्या मनात होते. पण भुऱ्या दोन दिवसांपासून कसा तरीच वागत होता, भाकरी खात नव्हता, उगाच सावलीवर तुटून पडत होता, आणि धन्याने तिकडे लक्ष दिले नव्हते.

कुत्री उसातून बाहेर पडली. त्यांना पाहून दुर्गी पळाली. पळू नये हे तिला कुणी शिकवलेच नव्हते, बापाने तर डोळे मिटून उभे राहण्यापलीकडे काही दाखवले नव्हते. कुत्री तिच्या मागे लागली. सगुणा धावली आणि पोरीवर पालथी पडली. एका कुत्र्याने तिचा दंड धरला.

आणि यमाजी? सवयीने त्याचे हात जोडले गेले, डोळे मिटले गेले. नाम घ्यायला तोंड उघडले तर नाम येईना. कानांत फक्त सगुणाचे ओरडणे. माळ, नेम, भक्ती, सगळे त्या एका क्षणात मातीमोल झाले. आपले लेकरू आपल्या डोळ्यांदेखत फाडले जाते आहे आणि आपण हात जोडून उभे आहोत, एवढेच उरले. त्याला स्वतःची शिसारी आली.

"म्हाराज," तो ओरडला, "माझी काठी द्या!"

त्याने डोळे उघडले. भुऱ्या दुर्गीच्या गळ्याकडे झेपावला होता, पण मध्ये कुणीतरी उभे होते. पाठमोरी, वाळलेली आकृती. तिने उजवा हात आडवा घातला होता आणि भुऱ्याचा जबडा त्या हातावर मिटला होता. काच कडकन वाजली.

"पळू नको," ओळखीचा आवाज म्हणाला. "लेकरू पाठीशी घे. पेटी पुढं धर. काठी जमिनीवर आपट."

यमाजीच्या मुठीत काठी होती. तीच, पितळी शेंबीची. ती कशी आली ते त्याला पुढे जन्मभर सांगता आले नाही. त्याने दंड धरलेल्या कुत्र्याला पेटीने रेटून सगुणाला आणि दुर्गीला पाठीशी घेतले, पेटी पुढे ढालीसारखी धरली आणि काठी जमिनीवर आपटली. दगडावर शेंबी खणाणली. कुत्रे अंगावर आले की पेटीवर आदळे, आतल्या बांगड्यांचा चुरा होई, पण पेटीपलीकडे दात जात नव्हते. एकेक पाऊल मागे सरत तिघे बांधाच्या भिंतीला टेकले. आता मागून भीती नव्हती.

कुत्र्यांना आवरायला शीळ घालत दौलतराव धावत आले. भुऱ्या वळला तो धन्यावरच. त्यांचे धोतर दातांत सापडले, ते उताणे पडले आणि पांढरेफटक तोंड करून यमाजीकडे पाहू लागले. यमाजी पुढे झाला. त्याने काठी उगारली आणि या वेळी जमिनीवर नाही, भुऱ्याच्या खांद्यावर हाणली. भुऱ्या केकाटत उसात शिरला, बाकीची त्याच्या मागे गेली.

मध्ये उभे असलेले माणूस आता तिथे नव्हते.

रक्ताने भिजलेल्या सगुणाला घेऊन सगळे ओसरीवर आले. दुर्गीला साधा ओरखडाही नव्हता. दौलतरावही मागोमाग आले, पण ताठा अजून पुरता गेला नव्हता. "काठी बांधावर कुणीतरी इसरलं असंल," ते पुटपुटत होते.

ओसरीवरची माणसे घाबरून उभी होती. महाराज जागचे हलले नव्हते, असे ती सांगत होती. बसल्या बसल्या त्यांनी हात झटक्यात पुढे केला आणि हातातून रक्त वाहू लागले. कोपऱ्यात काठी नव्हती. महाराजांच्या मनगटावर दातांच्या खुणा होत्या, आणि हिरव्या काचेचा एक तुकडा मांसात रुतला होता.

दौलतरावांनी तो तुकडा पाहिला. त्यांनी पागोटे काढून ओसरीच्या पायरीवर डोके टेकले.

"माझ्या पाया पडून काय होणार?" महाराज म्हणाले. "आधी कुत्री बांध. मग रिठे आणि पाणी आण. हिची जखम धुवायची आहे, पुष्कळ वेळ धुवायची आहे."

सगुणाचा दंड त्यांनी स्वतः धुतला, घागरीमागून घागर ओतून. स्वतःच्या हाताला पाणी लावायला मात्र विसरले. निदान लोकांना तेव्हा तसे वाटले.

दौलतरावांनी कुत्री साखळीला बांधली. भुऱ्याने पाण्याची परात उलथून टाकली, तोंडाला फेस आला, आणि तो खुंट्यापाशीच मेला. तो पिसाळलेला होता, आणि सगुणाला चावलेले कुत्रे त्याच्याच संगतीतले होते.

मग भक्तजनहो, त्या घरात जे दिवस आले ते वैऱ्यालाही नकोत. रोज सकाळी सगुणा पाण्याचा तांब्या तोंडाला लावी आणि यमाजी तिच्या घशाकडे बघत बसे. घोट खाली उतरला की दोघे एकमेकांकडे न बघता कामाला लागत. दुर्गी विचारी, "आबा, आय पानी पिती तर तुम्ही रडता का?" ती झोपली की सगुणा म्हणे, "मी गेले तर पोरीला माझ्या भणीकडं ठिवा." यमाजी भिंतीकडे तोंड करी. देवापाशी तरी काय मागणार? मागायची वेळ होती तेव्हा तो चार माणसांना लाजला होता.

दिवस गेले, महिना उलटला. सगुणा पाणी पीत राहिली, जखम भरून आली. त्या आनंदात यमाजीने नदीचे पाणी भरून महाराजांपुढे ठेवले.

महाराजांनी तोंड फिरवले. "तांब्या लांब ठेव, यमाजी," ते म्हणाले, आणि त्यांचा गळा आवळला.

यमाजी समजला. तो तिथेच कोसळला. "म्हाराज, हे माझ्यामुळं झालं."

"तू हाक मारलीस म्हणून आलो," महाराज थांबत थांबत म्हणाले. "मारू नये हे खरं. पण लेकरू वाचवू नये असं मी कधी सांगितलं? त्या दिवशी सकाळी मागितली असतीस, तर काठी एकटीच आली असती. मला यावं लागलं नसतं."

रागाचा लवलेश नव्हता त्या बोलण्यात. म्हणून तर ते यमाजीच्या काळजात आयुष्यभर रुतून राहिले. महाराजांनी त्याला जवळ येऊ दिले नाही. ओसरीच्या एका कोपऱ्यात घोंगडी ओढून ते पडून राहिले आणि तिसऱ्या दिवशी गेले.

आजही त्या ओसरीवर काठ्यांची जुडी ठेवलेली असते. वाटसरूने एक उचलावी, लेकराबाळांसह मळ्याची वाट पार करावी आणि परतताना आणून ठेवावी. जिवंत होते तोवर त्या काठ्या दौलतराव स्वतः तोडून, तासून आणत. त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यातली साखळी पुन्हा कधी सुटली नाही.

सुनेला मुलगी झाली. बारशाला यमाजी बांगड्या भरायला निघाला, तेव्हा दौलतराव बांधापर्यंत सामोरे आले. वाटेच्या धुळीत त्यांनी कासाराच्या पायांवर डोके ठेवले. यमाजीने त्यांना उठवले, घरी जाऊन चुडा भरला आणि बाळाचा लेकावळा दिला.

दौलतरावांनी तो लेकावळा मागून घेतला आणि ओसरीवर नेला. महाराज बसत त्या जागेवर तो ठेवून ते वाकले. "म्हाराज," त्यांनी हाक मारली, आणि उत्तर येईल म्हणून तसेच वाकून राहिले.