सहा वेळा वारलेला धाकू पाणाड्या

येसूनं एकदा खाडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून वसा घेतला होता. ओंजळीत पाणी होतं, डोळ्यांत त्याहून जास्त होतं. ती म्हणाली, "गावदेवी, आमचा माणूस घरी येईपर्यंत मी हा वसा धरते. आल्यागेल्याची तहान भागेल तेव्हाच माझा घोट. कुणाचं नाव विचारणार नाही, गाव विचारणार नाही. तू मला वाट पाहायला लावलीस ना, मग मीही तुझ्या दारातून हलणार नाही." देवीशी असं तोंड वर करून बोलू नये. पण येसू बोलली, आणि देवीनंही ऐकून घेतलं, असं म्हणतात.

आता तिचा माणूस कोण आणि तो गेला कुठं, ते ऐका.

फार वर्षांपूर्वी, खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं वेळसांडे नावाचं गाव होतं. माड उदंड, मासळी उदंड, पाणी तेवढं खारट. इतकं खारट की आमटीत मीठ घालावं लागत नसे, आणि खिरीत कितीही गूळ घाला, खीर काही ऐकत नसे. एकदा आलेला जावई दुसऱ्यांदा येत नसे. परमुलखातली गलबतं गावासमोरून शिडं फुगवून निघून जात, कारण गोड्या पाण्यावाचून बंदर म्हणजे चुलीवाचून स्वैपाकघर.

त्या गावात धाकू पाणाड्या राहत होता. पाणाड्या म्हणजे जमिनीवर चालून खालचं पाणी सांगणारा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो चालत सुटायचा, आणि नारळ आपोआप उभा राहिला की म्हणायचा, "इथं." मग स्वतःच कुदळ घेऊन खणायला लागायचा. अंगानं दोरीसारखा, डोक्यानं नारळासारखाच गुळगुळीत. त्यानं गावात तीन विहिरी खणल्या. तिन्ही खारट लागल्या. प्रत्येक वेळी वर येऊन, तोंड पुसून तो एकच वाक्य बोलायचा, "आणखी पाऊण हात खणायला हवं होतं."

लोक हसत. "धाकू, विहिरी राहू दे, मिठागर काढ. बरकत येईल!"

चौथ्या विहिरीलाही खारट पाणी लागलं. धाकू वर आला, तोंड पुसलं, म्हणाला, "आणखी पाऊण हात…"

काठावर येसू भाकरी घेऊन उभी होती. ती चिडली. "मग खणा ना तो पाऊण हात! तीन वर्षं नुसतं ऐकतेय. जा, तो पाऊण हात खणल्याशिवाय घरी येऊ नका!"

धाकू गुणी नवरा. भाकरी न खाताच खाली उतरला. पाऊण हात खणला असेल नसेल, तोच पृथ्वीच्या पोटात गडगडलं आणि पाणी माडाएवढं उंच उसळलं. त्यात मासे उडाले, खेकडे उडाले, धाकूची कुदळ उडाली ती खोताच्या अंगणात पडली. धाकू मात्र कुठंच पडला नाही. पाणी खाली बसलं, लोकांनी बोट बुडवून चाटलं, तर अमृतासारखं गोड. आणि धाकू नाही.

"पाण्यानं बळी घेतला," गाव म्हणालं.

"मीच पाठवलं," येसू म्हणाली, आणि तिनं खाडीत उभं राहून तो वसा घेतला.

त्या दिवसापासून गलबतं वेळसांड्याला थांबायला लागली. आधी खजुरांच्या मुलखाचं आलं. येसूनं नाखव्याला, म्हणजे गलबताच्या मुख्य माणसाला, तांब्या भरून दिला. त्यानं घोट घेतला आणि चमकला. "बाई, अगदी हीच चव आमच्या विहिरीला आहे! गेल्या साली एका टकल्या माणसानं खणली. कारंज्यातून वर आला होता बिचारा. सारखा म्हणायचा, आणखी पाऊण हात, आणखी पाऊण हात. पाणी लागलं आणि वाहून गेला. वारला. आम्ही आता दरसाल त्याची पुण्यतिथी करणार."

येसूनं तांब्या त्याच्या हातून घेतला आणि पुन्हा काठोकाठ भरून दिला.

दोन वर्षांनी दालचिनीच्या बेटावरचा नाखवा आला. त्याच्याकडेही तसाच टकला, तशीच विहीर, तसंच मरण. मग हत्तींच्या बेटाचा, मग तांबड्या मातीच्या किनाऱ्याचा, मग काळ्या दगडांच्या बंदराचा. पाच मुलूख, पाच विहिरी, पाच पुण्यतिथ्या. एका मुलखात त्या दिवशी रस्त्यावर पाणी शिंपत, एका मुलखात हत्तींना आंघोळ घालत, एका मुलखात सगळ्या टकल्या माणसांना फुकट जेवण देत. धाकूची उंचीही वाढत गेली. कुणी म्हणे सात हात होता, कुणी म्हणे नऊ.

गावाचा खोत हे सगळं ऐकून होता. मोठेपणाची हौस भारी. त्यानं पाची मुलखांना सांगावा धाडला, "तुम्ही आपापल्या दिवशी करता, आम्ही आमच्या. त्यापेक्षा धाकूला जाऊन बारा वर्षं होतायत, तर सगळे वेळसांड्याला या. साऱ्या मुलखांनी मिळून एकच मोठी पुण्यतिथी करू."

पाची मुलखांची गलबतं निशाणं लावून खाडीत शिरली. गावानं गुढ्या उभारल्या. आणि गावचे भटजी नारोभट पोथी उघडून म्हणाले, "बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही, त्याचा दर्भाचा पुतळा करून दहन करायचं. असा आचार आहे. मग येसूबाईंचं कुंकू…"

येसू पदर खोचून उभी राहिली. "भटजी, ह्यांना जाऊन बारा वर्षं कुठं? काळ्या दगडांच्या बंदरात गेल्या दिवाळीला होते की!"

"तिथंही वारलेच ना!"

"इथं वारलेला माणूस तिथं पुन्हा कसा वारेल?"

नारोभटांनी पोथी मिटली. "बाई, एखादं मरण खोटं निघेल. सहाच्या सहा कशी खोटी निघतील?"

येसू म्हणाली, "पण बारा वर्षं वैशाख वद्य पंचमीला पुरी होतात. आज द्वितीया. तीन दिवस तरी थांबा."

"तीन दिवस?" खोत कळवळला. "वारा फिरलाय, येसूवैनी! आज भरतीला निघाली नाहीत तर पाची गलबतं पावसाळाभर इथंच. जेवायला कोण घालणार? ते काही नाही. पुतळा, दहावं, बारावं, तेरावं, सगळं आजच उरकू."

आणि खरंच, त्याच सकाळी खाडीकाठी दर्भाचा पुतळा जळला. पाची मुलखांचे पाहुणे रडले. खजुरांच्या मुलखाच्या नाखव्यानं तर अशी छाती बडवली की खोताला वाटलं, आपणही थोडं बडवायला हवं.

उरलं येसूचं कुंकू. बायका पुढं झाल्या. तेव्हा येसूनं हात जोडले. "माझा वसा आहे. आल्यागेल्याची तहान भागल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. दारात तीनशे पाहुणे आहेत. जेवू द्या, पोटभर पाणी पिऊ द्या. शेवटच्या माणसानं पुरे म्हटलं, की तुम्ही काय ते करा."

वसा म्हटल्यावर नारोभटांनाही मान हलवावी लागली.

पंगत बसली. येसू स्वतः वाढायला लागली. आता ऐका, तिनं काय केलं. भात वाढताना मूठभर, आणि आमटी वाढताना डावभर तिखट. लोणचं दोनदा, ठेचा तीनदा. पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "पाणी! पाणी!" अशी एकच ओरड. येसू तांबे भरी, तांबे रिते होत, पुन्हा ठेचा फिरे. देवीचा वसा घेऊन लबाडी चालते का, असं कुणी विचारील. वाट पाहणाऱ्या बाईला देवी थोडी मुभा देते, असं म्हणतात.

"जाऊबाई, ओढा पाणी!" ती विहिरीकडे बघून ओरडायची.

"अगं, शंभरावा पोहरा हा!" थोरली जाऊ धापा टाकत म्हणाली. "हात तुटले माझे. त्या नाखव्याच्या पोटात विहीर आहे की काय?"

दुपार कलली. भरती चढायला लागली. खलाशी एकेक करून "पुरे" म्हणू लागले. दोनशे झाले, अडीचशे झाले. शेवटी एकटा हत्तींच्या बेटाचा नाखवा उरला. दांडगा माणूस. येसूनं त्याच्या पानावर ठेच्याचा गोळा ठेवला आणि डोळ्यांनीच विनवलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या कपाळाकडे पाहिलं. त्याला काय समजायचं ते समजलं. तो सगळा ठेचा एका घासात खाऊन लालबुंद होऊन म्हणाला, "पाणी!"

थोरल्या जावेनं पोहरा सोडला. ओढायला गेली तर पोहरा हलेना. "अगं बाई, अडकला वाटतं." दोन गडी धावले, तरी हलेना. चार धावले. खोतानं पागोटं काढून ठेवलं आणि तोही दोराला लागला. कप्पी किंचाळली, दोर ताणला, आणि पोहऱ्याच्या मागोमाग एक गुळगुळीत टक्कल वर आलं.

खोतानं दोर सोडला नाही, कारण त्याची शुद्धच गेली होती आणि मूठ आवळलेली राहिली होती. बाकीचे मात्र "भूत! भूत!" करत पळत सुटले. नारोभट माडावर चढले. त्यांना माडावर चढता येतं हे गावाला त्या दिवशी कळलं.

येसू एकटी पुढं गेली. तिनं आधी पाय बघितले. भुताचे पाय उलटे असतात. हे सरळ होते, बोटं पुढं, टाचा मागं.

त्या माणसानं पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, चव घेतली, तोंड पुसलं. म्हणाला, "गोड आहे. पण आणखी पाऊण हात खणायला हवं होतं."

"हेच ते!" येसू ओरडली.

खजुरांच्या मुलखाचा नाखवा दुरून म्हणाला, "आमचा तर सात हात उंच होता!"

"नऊ!" दालचिनीवाला म्हणाला.

"खायला मिळालं नाही की माणूस आटतो," धाकू म्हणाला. मग बायकोकडे वळून अपराध्यासारखा सांगू लागला, "अगं, मी घरीच यायला खणत होतो. म्हटलं, खालचं पाणी एकच, ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं येईन. पण जिथं वर निघायचो तिथले लोक तहानलेले. ते म्हणायचे, आधी विहीर. विहीर लागली की पाणी उचलायचं आणि भलतीकडेच नेऊन टाकायचं. आज डोक्यावर दोर दिसला, तो धरला."

आता सगळं गोड झालं असं वाटतं ना? नाही झालं. माडावरून नारोभट ओरडले, "थांबा! ह्याचं तेरावं झालंय! मेलेला माणूस असा घरात घेता येत नाही. परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. पाळणा, बारसं, कान टोचणं, आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न. पोथीत आहे!"

"घाला बापडे," येसू म्हणाली. "घाई होती तुम्हालाच."

एवढा मोठा पाळणा गावात कुठला? शेवटी एक होडी चार दोरांनी वडाला टांगली. धाकूला त्यात निजवला. बायकांनी पाळणा म्हटला, कानात "धाकू" म्हटलं. जन्म झाला. पण तो उतरतो कुठं, तोच पाची नाखवे पुढं आले.

"आमच्याकडेही वारलाय," खजूरवाला म्हणाला. "आमचं मरण तसंच उघडं कसं ठेवायचं?"

"आमचं तर दगडावर कोरलंय!" काळ्या दगडांचा नाखवा म्हणाला.

नारोभटांनी डोकं खाजवलं. सहा मरणं, मग जन्मही सहा. धाकू पुन्हा पाच वेळा होडीत निजला. प्रत्येक मुलखाच्या माणसांनी आपापल्या भाषेत अंगाई म्हटली. कान टोचायची वेळ आली तेव्हा तो तेवढा कुरकुरला, "भटजी, कान दोनच आहेत हो माझे!" सहाव्या वेळी तो खरंच झोपला, आणि लग्नासाठी त्याला हलवून उठवावं लागलं.

लग्नंही सहा लागली. येसूला दर लग्नात नाव घ्यायला लावलं. बारा वर्षं जे नाव तिनं ओठांवर आणलं नव्हतं, ते त्या दिवशी सहादा आणायचं. पहिल्याला ती म्हणाली,

"तीन विहिरी खारट, चौथी लागली गोड,
धाकूरावांना बारा वर्षांनी घराची लागली ओढ."

सगळे वाहवा म्हणाले. पाचव्यापर्यंत तिचे उखाणे सरले. सहाव्याला ती नुसतीच हसत उभी राहिली. मग धाकूनंच विहिरीतून पाणी काढलं, तांब्या तिच्यापुढं धरला आणि म्हणाला, "सगळे प्याले. आता तू." सकाळपासूनचा तो तिचा पहिला घोट, असं म्हणतात.

वारा फिरला होता, गलबतं काही त्या दिवशी निघाली नाहीत. पाहुणे चार महिने राहिले. खोताच्या कोठारात उंदीरसुद्धा उरला नाही. जाताना पाची मुलखांनी ठराव केला, की जिवंत माणसाची पुण्यतिथी करणं बरं दिसत नाही. तेव्हा इथून पुढं वैशाख वद्य द्वितीया हा साऱ्या मुलखांत धाकूचा जन्मदिवस.

वेळसांड्याला अजून तो दिवस करतात. दूरदूरच्या बंदरांतून पाण्याच्या कळशा येतात आणि त्या विहिरीत ओततात. वडाला होडी टांगतात आणि गावातला सगळ्यात वयस्क माणूस त्यात निजवतात. तो नको नको म्हणतो, आणि हळूच उशी मागतो. बायका पाळणा म्हणतात, त्याचं नाव मोठ्यानं घेतात, त्यानं आयुष्यात काय काय केलं ते त्याच्याच कानात सांगतात. मग त्याच्या म्हातारीशी त्याचं पुन्हा लग्न लावतात. म्हातारी लाजते. ठेचा भरपूर असतो.

तर बायांनो, बाप्यांनो, तुमच्याकडूनही एवढं व्हावं. तुमच्या घरी कुणी पिकलं पान असेल, तर त्याच्या नावानं दिवा लावायला, हार घालायला, चार शब्द चांगले बोलायला पुण्यतिथीची वाट पाहू नका. एक दिवस ठरवा, त्याला पाळण्यात घाला, आणि त्याचं कौतुक त्याच्याच कानावर जाऊ द्या. होडी नसेल तर झोपाळा चालतो. दोर तेवढे बघून घ्या.