पाय आपटणारी गोलकीपर

फार पूर्वी एका ओढ्याने वाट बदलली आणि सशांच्या एकाच कळपाचे दोन देश झाले. दर उन्हाळ्यात ते बेलफळाने फुटबॉल खेळत. जो देश जिंकेल, त्याला मधल्या कुरणातला चारा.

त्या वर्षी सामना दोन-दोन बरोबरीत होता. अलीकडची गोलकीपर टिवली पान सळसळले तरी दचकायची. पलीकडचा रानबा फळ ढकलत आला आणि ओरडला, "सरक गं भित्रे, लागेल!"

तेवढ्यात मैदानावरून एक सावली सरकली. ससाणा! टिवलीने धोक्याची खूण म्हणून मागचा पाय जोरात आपटला. त्यासरशी दोन्ही देशांचे ससे, अगदी रानबासुद्धा, गवतात दबून बसले. फळ मात्र घरंगळत गोलात गेले.

सावली ढगाची होती.

"ढगाला घाबरलीस? गेला आपला चारा!" अलीकडचे खेकसले. टिवलीचे डोळे भरून आले.

रानबा कान झटकत उठला. "तिला कशाला बोलता? आम्हीपण दबलोच होतो की! हा गोल कुणी मारलाच नाही, आम्हाला नको तो."

"मग चारा कुणाचा?" पंच कासवाने विचारले.

"खेळ उद्या परत मांडू. आज सगळेच खाऊ," रानबा म्हणाला. "आणि ताई, तू पहाऱ्याला बस. तू पाय आपटलास की दोन्हीकडच्यांना कळतं."